विश्लेषण : नदीकाठच्या लॉग केबिनमध्ये वीकेंड? बुकिंगआधी पुराची खूण का विचारायची?

मुंबई-पुण्यापासून दोन-तीन तासांवर, झाडीत लपलेली लाकडी खोली. समोर पायऱ्या, पायऱ्या संपल्या की नदी. मोबाइलला रेंज नाही आणि तीच जाहिरातीतली मोठी गोष्ट. अशा ‘लॉग केबिन’ना पावसाळी वीकेंडला मोठी मागणी असते. पण नदीच्या इतक्या जवळ, इतक्या हलक्या बांधकामात झोपताना पाणी किती चढते, किती वेळात चढते आणि चढले तर कळणार कसे, हे कितीजण विचारतात? कोलाडच्या कुंडलिका नदीचे उदाहरण घेऊन समजून घेऊ.

गेल्या जुलैत आम्ही कॉलेजचे पाच मित्र कोलाडजवळच्या अशाच एका ठिकाणी गेलो. फोटोत दिसली होती तशीच केबिन होती. गॅलरीतून पाय खाली सोडले तर पाण्याला लागतील असे वाटावे, इतकी नदी जवळ. रिसेप्शनच्या भिंतीवर एक फलक होता : ‘नदीची पातळी अचानक वाढू शकते. पाण्यात उतरू नये.’ मी मॅनेजरला विचारले, ‘‘अचानक म्हणजे किती?’’ उत्तर आले, ‘‘काही होत नाही दादा, टेन्शन नका घेऊ.’’

मग सामान आणून देणाऱ्या केअरटेकर काकांना विचारले, ‘‘काका, पुराचं पाणी कुठवर येतं?’’ त्यांनी बोटाने आंब्याचे झाड दाखवले. ‘‘त्या बेचक्यात गेल्या वर्षी थर्माकोल अडकला होता.’’ बेचके आमच्या खिडकीच्या वर होते.

ऊन पडलेले असताना पाणी कसे वाढते?

कुंडलिका ही नुसती पावसावर वाहणारी नदी नाही. तिच्या वरच्या टप्प्यातले बरेचसे पाणी घाटापलीकडून येते.

मुळशी धरण पुणे जिल्ह्यात, मुळा नदीवर आहे. मुळेचा स्वाभाविक रस्ता पूर्वेकडे, पुण्याच्या दिशेने आणि पुढे भीमेत. पण या धरणातले पाणी बोगद्यातून आणि पोलादी नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे उतरवले जाते. तिथले टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ पासून वीज तयार करते. (सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा.) टर्बाइन फिरवून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते.

म्हणजे मुळशी धरण भरून वाहू लागले तर ते पाणी मुळेतून पुण्याकडे जाते आणि त्याच धरणातून वीज बनवली तर ते पाणी कोलाडकडे येते. एकाच धरणाची दोन दारे, दोन वेगवेगळ्या समुद्रांकडे. इंजिनिअरिंगला असताना हे शिकलो होतो, पण नदीच्या काठावर बसून पाहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

जलविद्युत केंद्राचा मोठा गुण असा की ते काही मिनिटांत सुरू करता येते. औष्णिक केंद्राला त्यासाठी तास लागतात. त्यामुळे विजेची मागणी वाढली की जलविद्युत केंद्रे चालवली जातात आणि उतरली की थांबवली जातात. खालच्या नदीची पातळी या वेळापत्रकाप्रमाणे वर-खाली होते. कोलाडचे राफ्टिंग यावरच उभे आहे. भिऱ्याचे पाणी सकाळी सुटते, बोटी त्या पाण्याबरोबर बारा-चौदा किलोमीटर खाली येतात. उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्यांत दगड दिसत असताना इथे राफ्टिंग चालते, त्याचे कारण हेच.

दुपारी तीनला चेक-इन करणाऱ्याला मात्र दिसतात उघडे पडलेले खडक आणि गुडघाभर शांत पाणी. तो खडकावर जाऊन बसतो, मुले डबक्यात खेळतात. वरून पाणी सुटले तर आभाळात त्याची कोणतीही सूचना नसते.

हिमाचल प्रदेशात ८ जून २०१४ रोजी नेमके हेच झाले. हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर फोटो काढत होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडले गेले. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहल-संयोजक वाहून गेले. त्या संध्याकाळी तिथे पूर आणणारा पाऊस नव्हता.

पावसाळ्यात चित्र कसे बदलते?

पावसाळ्यात या विसर्गात घाटाचे पाणी मिसळते. कोकणातल्या नद्या लांबीला लहान आहेत. कुंडलिका उगमापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत शंभर किलोमीटरही भरत नाही. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस तीव्र उतारावरून काही तासांत खाली पोहोचतो. देशावरच्या नदीला पूर यायला दिवस लागतो, अशी आपल्या डोक्यात सवय असते. कोकणात ती उपयोगाची नाही.

२२ जुलै २०२१ चे उदाहरण घ्या. त्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. सावित्री नदी तिथेच उगम पावते आणि महाडवरून वाहते. महाड बुडाले. महाडमधल्या माणसाने फक्त आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहिला असता तर त्याला पुराचा अंदाज आला नसता.

म्हणून हवामान खात्याचा इशारा पाहताना एक साधी चूक टाळायला हवी. कोलाडला जायचे म्हणून आपण ‘रायगड’ शोधतो. पण ‘पुणे जिल्ह्याचा घाटमाथा’ हा इशारा वेगळा दिला जातो आणि ताम्हिणीचा परिसर त्यात येतो. कुंडलिकेच्या काठावर झोपणाऱ्याने दोन्ही पाहावेत. ऑरेंज अलर्टच्या वेळी २४ तासांत साधारण ११५ ते २०४ मिलिमीटर पावसाची शक्यता गृहीत धरलेली असते, रेडच्या वेळी त्याहून जास्त.

विसर्गाचे आकडे बातम्यांत क्युसेकमध्ये येतात, ते नजरेसमोर येत नाहीत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत, असे समजा.

निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठावर दोन रेषा ठरवतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी म्हणजे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधले क्षेत्र निषिद्ध मानले जाते, तिथे बांधकाम नको. शेती, बाग, मैदान चालते. निळ्या आणि लाल रेषेमधले क्षेत्र नियंत्रित, तिथे अटींवर बांधकाम होऊ शकते.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार गोंधळ होतो. गेल्या वर्षी पूर आला, आता २४ वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के, एवढाच अर्थ. आणि दरवर्षीचे चार टक्के साचत जातात. दहा वर्षांत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के होते. कॅल्क्युलेटरवर ०.९६ चा दहावा घात काढून एकातून वजा करा, तपासता येईल.

एका रात्रीच्या पाहुण्यासाठी हा धोका अर्थातच लहान आहे. मात्र आपण नेमके कोणत्या रात्री जातो? धबधबे जोरात असतील त्या जुलै-ऑगस्टच्या रात्री. वर्षभराचा सगळा धोका ज्या आठ-दहा आठवड्यांत गोळा झालेला असतो, तेवढ्याच आठवड्यांत बुकिंग फुल्ल असते. आणि पाहुणा रविवारी परत जातो. केअरटेकर, स्वयंपाक करणाऱ्या बाया, शेजारच्या वाडीतून कामाला येणारी पोरे तिथेच असतात. कामगारांची खोली अनेकदा सर्वांत खालच्या बाजूला, पंपघराजवळ असते. जाहिरातीतल्या फोटोत ती दिसत नाही.

आणखी एक अडचण अशी की राज्यातल्या प्रत्येक नदीच्या प्रत्येक पट्ट्यात या रेषा आखलेल्या नाहीत. शहरांजवळ त्या जास्त आढळतात, जंगलात कमी. शिवाय ‘हे पक्के बांधकाम नाही, खांबांवरची लाकडी खोली आहे’ असा युक्तिवादही ऐकायला मिळतो. माझ्या मते तो उलटा आहे. बांधकाम हलके असेल तर ते नदीपासून जास्त दूर हवे.

लाकडी केबिनला पुरात वेगळा धोका असतो का?

लॉग केबिन मुळात थंड देशांतली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया इथे पाइनचे अख्खे ओंडके आडवे रचून, टोकांना खाचा पाडून एकमेकांत अडकवले जातात. लाकडातून उष्णता विटेच्या तुलनेत पाच-सहापट कमी वाहते, त्यामुळे जाड ओंडक्याची भिंत थंडी अडवते. आपल्याकडे हिमाचलमध्ये देवदार आणि दगडांचे थर आलटूनपालटून रचण्याची ‘काठकुणी’ पद्धत याच गरजेतून आली.

कोकणात गरज उलटी आहे. इथे थंडी नाही, दमट हवा आहे. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. पावसाळ्यात तो सहज वर जातो, त्यात वाळवी. म्हणून इथल्या बहुतेक ‘लॉग केबिन’ म्हणजे प्रत्यक्षात पाइनच्या फळ्यांच्या किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या सिमेंट शीटच्या खोल्या असतात आणि त्या जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेल्या असतात. वाळवीसाठी हे योग्यच आहे.

पुरासाठी मात्र हिशोब वेगळा. १२ बाय १५ फुटांची खोली म्हणजे सुमारे १७ चौरस मीटर. पाणी तिच्या तळाच्या वर फूटभर चढले की तिला वर उचलणारा जोर जवळपास पाच टनांचा होतो. पाणी आत शिरत जाते तसा तो कमी होतो, पण दारे-खिडक्या घट्ट असतील तर शिरायला वेळ लागतो. फळ्यांची हलकी खोली एवढ्या जोराने खांबांवरून सुटू शकते. विटांची खोली बुडते, लाकडाची तरंगते.

त्यात प्रवाहाचा रेटा वेगळा. सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहणारे पाणी भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर अर्ध्या टनाच्या आसपास जोर लावते. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. वाहत येणाऱ्या झाडांची धडक यात धरलेली नाही.

हे नुसते गणित नाही. मे २०१५ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या विम्बर्ली गावात ब्लँको नदीला रात्री पूर आला. काठावरचे खांबांवर उभे असलेले एक सुट्टीचे घर पायावरून सुटले आणि आतल्या नऊ जणांसह वाहत जाऊन पुलावर आदळले. नऊपैकी एक जण वाचला.

एकांत हा धोका कसा वाढवतो?

दहा वर्षांनी, ४ जुलै २०२५ च्या पहाटे, त्याच टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदी सुमारे ४५ मिनिटांत २६ फूट चढल्याचे तिथल्या प्रशासनाने सांगितले. म्हणजे आपल्या अडीच मजल्यांएवढी, शाळेच्या एका तासात. नदीकाठच्या ‘कॅम्प मिस्टिक’ या मुलींच्या उन्हाळी शिबिरात केबिनमध्ये झोपलेल्या मुली आणि त्यांच्या ताया मिळून २७ जणींचा मृत्यू झाला. संपूर्ण पुरात शंभरहून अधिक माणसे गेली.

नंतर बाहेर आलेल्या दोन गोष्टी आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली नकाशाची. या शिबिराच्या काही इमारती शंभर वर्षांच्या पुराच्या सरकारी नकाशातून २०१३ मध्ये, मालकांच्या अर्जावरून, वगळल्या गेल्या होत्या, असे वृत्त असोसिएटेड प्रेसने दिले. कागदावरची रेषा सरकली म्हणून पाणी सरकत नाही. दुसरी इशाऱ्याची. हवामान विभागाचा इशारा निघाला होता, पण रात्रीची वेळ, कमकुवत मोबाइल नेटवर्क आणि नदीकाठी भोंगे नाहीत, यामुळे तो अनेकांपर्यंत पोहोचला नाही. त्याच नदीवर खालच्या बाजूला असलेल्या कम्फर्ट या गावात भोंगे होते, ते वाजले, लोक उंचावर गेले. तिथे मृत्यूची नोंद नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासने कायदा करून शिबिरांच्या केबिन पूरक्षेत्रात ठेवण्यास मनाई केली.

आता आपली ‘रेंज नाही’ ही जाहिरात पुन्हा वाचा. हवामान खात्याचे ‘मौसम’ ॲप, विजेची सूचना देणारे ‘दामिनी’, आपत्ती व्यवस्थापनाचे ‘सचेत’, फोनवर कर्कश वाजणारा आपत्कालीन मेसेज, या सगळ्यांना टॉवर लागतो. आपण ज्यासाठी जास्त पैसे देतो तो एकांत म्हणजे या सगळ्या सूचना बंद करणे असते. मग उरतो तो रात्री जागा असलेला माणूस. तो आहे का, आणि त्याच्याकडे वायरलेस, लँडलाइन किंवा निदान उपग्रहावरून चालणारे वायफाय आहे का, एवढेच प्रश्न महत्त्वाचे राहतात.

रस्त्याचेही तसेच. अनेक ठिकाणी केबिनपर्यंत पोहोचायला एकच वाट असते आणि ती ओढ्यावरच्या साकवावरून जाते. नदी खोलीपर्यंत येण्याच्या कितीतरी आधी साकव बुडतो. वाहते पाणी फूटभर असले तरी छोटी कार तरंगू लागते. साप चावला तर कोलाडहून मोठे सरकारी रुग्णालय रोहा किंवा माणगावला. त्या रात्री साकव बुडालेला असेल तर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही.

मग बुकिंग करताना काय पाहायचे?

मालकाला ‘सेफ आहे ना?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘आतापर्यंतचं सगळ्यात वरचं पाणी कुठवर आलं होतं आणि माझ्या खोलीची फरशी त्याच्या किती वर आहे?’ असे विचारा. उत्तर फुटांत आले तर त्या माणसाने विचार केला आहे. ‘सर, तसं काही नसतं’ असे आले तर त्याने केलेला नाही. वरच्या बाजूला धरण किंवा वीज केंद्र आहे का, पाणी सुटण्याआधी कोण कळवते, रात्री कोण जागे असते, हेही फोनवरच विचारून घ्या. नोंदणी आहे का आणि राफ्टिंगसारखे खेळ असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे परवानगी आहे का, हेही विचारण्यासारखे आहे. मात्र नोंदणीच्या कागदाने खोलीची उंची वाढत नाही.

घरबसल्या गूगल अर्थवर केबिनची आणि समोरच्या नदीपात्राची उंची दिसते. हे आकडे काही मीटरने चुकू शकतात. त्यामुळे फरक वीस मीटर दिसला तर निश्चिंत राहा, तीन मीटर दिसला तर तो शून्यही असू शकतो असे समजा. संगणकावर जुन्या वर्षांचे उपग्रह फोटो पाहता येतात. आज जिथे लॉन आहे तिथे दहा वर्षांपूर्वी वाळू आणि गोटे दिसत असतील, तर ती जागा नदीचीच आहे.

तिथे पोहोचल्यावर वर पाहा. झाडांच्या फांद्यांत प्लास्टिक, काटक्या, चिंध्या अडकल्या असतील तर ती पुराची रेषा, जलसंपदा विभागाने आखली असो वा नसो. खोडाची साल वरच्या अंगाने सोललेली असेल तर तिथे ओंडके आदळले आहेत. पायाखाली गुळगुळीत गोल गोटे असतील तर ते पाण्यानेच आणून टाकले आहेत.

आणि गाव कुठे आहे ते पाहा. कोकणातले असो की देशावरचे, जुने गावठाण सहसा नदीपासून जरा दूर, उंचावर सापडते. काठावरची मळईची जमीन भाजीपाल्याला ठेवलेली असते. पूर आला तर पीक जाते, गाळ मिळतो, घर राहते. पिढ्यान्‌पिढ्या नदीशेजारी राहिलेल्या माणसांनी जिथे गोठाही बांधला नाही, नेमकी तीच जागा ‘रिव्हर टच’ म्हणून विकली जाते.

रात्र काढणारच असाल तर गाडी उंचावर, तोंड रस्त्याकडे करून लावा. उजेड असतानाच वर जाणारी पायवाट एकदा चालून पाहा. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाढल्या, किंवा आवाज बदलला, तर चर्चा करत बसू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे निघण्याआधी घरी सांगून ठेवा, कारण तिथून फोन लागेलच असे नाही.

आमचे काय झाले? मॅनेजरशी थोडी वादावादी करून आम्ही वरच्या रस्त्यालगतची, डासांची आणि कुबट वासाची खोली घेतली. नदी तिथून दिसत नव्हती. एका मित्राने रात्रभर टोमणे मारले. पूर आला नाही. सकाळी सातला खाली गेलो तेव्हा आदल्या दिवशी आम्ही ज्या खडकावर बसून चहा प्यायलो होतो, तो पाण्याखाली होता. काका पायऱ्यांवरचा गाळ झाडत होते. ‘‘रात्री किती वाजता आलं पाणी?’’ मी विचारले. ‘‘तीन-साडेतीनला,’’ ते म्हणाले, ‘‘मी जागाच होतो.’’